अँबॅसिडरचा आकाराम

आकाराम ड्रायव्हरच्या मते जगात माणसं दोनच तऱ्हेची. एक अँबॅसिडर माणसं आणि दुसरी फियाट माणसं. तिसरी तऱ्हा देवानं केलीच नाही, आणि केली असलीच तर ती आष्ट्यात राहत नाही.

अँबॅसिडर माणूस अंगानं ऐसपैस, आवाजानं घोगरा. सकाळी उठायला जरा वेळ लावेल, पण एकदा उठला की दहा जणांचं ओझं कुरकुर न करता ओढेल. फियाट माणूस चटपटीत. भांग पाडलेला, चपला पुसलेल्या, बोलायला गोड. पण घरी दोन पाहुणे जास्त आले की त्याचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. गावचे पोस्टमास्तर फियाट. देवळातला गुरव अँबॅसिडर. हेडमास्तर आधी फियाट होते, पण पोट सुटल्यावर आकारामनं त्यांना बढती दिली. स्वतःची बायको लीलाबाई कुठल्या तऱ्हेत बसते, हे मात्र तो कधी बोलला नाही. त्याला दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवायचं होतं.

आकाराम लष्करातून आलेला. सोळा वर्षं त्यानं मिल्ट्रीचे ट्रक हाकले, जम्मूपासून आसामपर्यंत. एकाहत्तरची लढाई संपल्यावर पेन्शन घेऊन तो घरी आला तेव्हा दारात एक उंच पोरगी उभी होती. त्याची लेक, शालन. वर्षाकाठी दोन महिन्यांच्या रजेत जेवढी दिसली तेवढीच त्यानं तिला पाहिलेली. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला, आत गेली आणि आईला हळूच विचारलं, "ह्या खेपंला आबा कवा जानार?"

आकारामनं ते ऐकलं. ट्रंक माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "आता न्हाई जात."

गावचे मोठे ऊसवाले बागायतदार लालासाहेब. त्यांची पांढरी अँबॅसिडर होती आणि तिला ड्रायव्हर नव्हता. आकाराम तिच्यावर बसला आणि त्या दोघांचं असं जुळलं की लालासाहेबांनाच आपल्या गाडीत बसताना परक्यासारखं वाटू लागलं. तो तिला 'गाडी' म्हणत नसे, 'आमची थोरली' म्हणे. खंडेनवमीला थोरलीला नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वतः घास घेत नसे. तीत तो अकरा माणसं बसवी. बारावा डिकीत बसे, पण राजीखुशीनं.

आता हा असा माणूस, आणि त्याच्या नशिबी आला केरबा.

केरबा सांगलीचा. एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या फियाटवर ड्रायव्हर. लालासाहेबांचं आणि त्या व्यापाऱ्याचं काहीबाही काम असे, त्यामुळं दर आठवड्याला दोन्ही गाड्या सांगलीच्या मार्केट यार्डात एकाच कडुलिंबाखाली उभ्या राहत. मालक आत चहा घेत आणि ड्रायव्हर बाहेर भांडत.

"तुमची अँबॅसिडर वळवायची म्हंजे निम्मा एकर रान लागतंय," केरबा सुरुवात करी.

"आन तुमच्या फियाटीत बसायचं म्हंजे गुडघं कानाला लावून बसाय लागतंय. पाळण्यातली गाडी ती."

"स्टेरिंग बघा आमचं. एका बोटानं फिरतंय."

"एका बोटानं फिरतंय ते खेळणं. गाडीला दंड लागत्यात."

पेट्रोल महागलं त्या साली तर केरबाला नवं हत्यार मिळालं. "पाव्हणं, तुमची म्हस पिती किती आन देती किती?"

आकाराम शांतपणे म्हणाला, "म्हस हाय म्हनून घर चालतंय. शेळीच्या दुधावर लग्नं उरकत न्हाईत, केरबा."

हमालांची करमणूक होई. ही भांडणं ऐकायला ते पोती खाली ठेवून उभे राहत. पण एखाद्या आठवड्याला फियाट आली नाही की आकाराम झाडाखाली नुसता फेऱ्या मारी आणि परतताना उगाच कुणावर तरी खेकसे. दोघांना एकमेकांवाचून करमत नव्हतं. हे त्या दोघांनाही माहीत होतं, पण कबूल कोण करतो?

यार्डातला मुकादम आप्पासो हा दोघांचा दोस्त. त्याच्या डोक्यात एक दिवस भलतंच आलं. आकारामची शालन लग्नाची झाली होती आणि केरबाचा जोतीराम हळदीच्या अडतीवर वजनकाट्याला होता. पोरगा सालस, निर्व्यसनी. आप्पासोनं दोन्हीकडं शब्द टाकला. बायकांनी तो झेलला आणि पुरुषांना फक्त कळवलं. आष्ट्यात आकारामच्या सोप्यात बैठक ठरली.

केरबा फियाट घेऊनच आला. दारात थोरली उभी होतीच, तिच्या शेजारी त्यानं ती मुद्दाम खेटून लावली. आकारामच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुणे होते.

पोरगा समोर बसला. शिक्षण, पगार, घर असल्या किरकोळ गोष्टी आप्पासोनं विचारल्या. मग आकाराम खाकरला आणि मुद्द्यावर आला. "अँबॅसिडर का फियाट?"

जोतीरामनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा होणाऱ्या सासऱ्याकडं पाहिलं. "मी सायकल वापरतो जी," तो म्हणाला.

पोरगं शहाणं निघालं. सगळे हसले, आकारामही हसला. मानपान ठरला, तारीख ठरली. सुपारी फोडायला आप्पासोनं अडकित्ता हातात घेतला आणि सहज बोलून गेला, "मग अक्षता झाल्या की केरबाच्या गाडीतनं नवरी..."

"थांब," आकाराम म्हणाला. "माजी लेक त्या डबीत बसून सासरी जानार न्हाई. थोरलीतनं जाईल."

"सून ज्याची त्येच्या गाडीतनं जाती," केरबा म्हणाला. "रीत हाय."

"रीत ठेव तिकडं."

"पाव्हणं, एकदा चालवून तर बघा आमची गाडी. लोण्यागत हाय."

"चालवून? त्या फियाटीला हात लावला तर नावाचा आकाराम न्हाई!"

झालं. केरबानं टोपी डोक्यावर घातली. जोतीराम जमिनीकडं बघू लागला. आत शालनच्या हातातलं पोह्यांचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. अडकित्ता आप्पासोच्या हातात तसाच उघडा राहिला, सुपारी अख्खी.

लीलाबाईनं दारातून नवऱ्याला आत बोलावलं. बोलावलं म्हणजे नुसतं पाहिलं. तो गेला.

"आवं, गाडीचं निमित्त कशापायी करताय?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुमास्नी पोरीसंगं जायाचं हाय."

आमच्याकडं लेकीला सासरी पोचवायला बाप जात नाही. पाठराखीण जाते, आत्या, मावशी, कुणीतरी बाई. बापानं वेशीपर्यंत यायचं आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत मागं फिरायचं. पण थोरलीतनं नवरी गेली असती, तर थोरली चालवायला आकारामच लागला असता.

"तसलं काय न्हाई," आकाराम म्हणाला.

"मग डोळं कशानं भरल्यात?"

"चुलीचा धूर."

"चूल इझून तास झाला."

सोळा वर्षं रजा संपली की तो निघायचा आणि ही पोरगी दारात उभी राहून बघायची. आता कुठं चार वर्षं सलग तिच्या हातचा चहा मिळाला, तर तीच निघाली. हे त्याला सहन होत नव्हतं. पण असलं काही बोलून दाखवायची सवय मिल्ट्रीनं लावली नव्हती. तो बाहेर आला. "फोडा सुपारी," म्हणाला. "जाऊ द्या फियाटीतनं."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण हार मानेल तो अँबॅसिडर माणूस कसला?

पाहुणे जेवायला बसले तेव्हा आकाराम उसाचं एक कांडकं घेऊन गुपचूप बाहेर आला. फियाटला हात लावायचा नव्हता, शपथ होती. म्हणून त्यानं ते कांडकं खिडकीतून आत सोडलं, ड्रायव्हरच्या सीटवर टेकवलं आणि छपरापर्यंत माप घेऊन तिथंच मोडलं. मग ते कौलाखाली लपवून ठेवलं आणि पंगतीत येऊन केरबाला आग्रहानं दोन पोळ्या जास्त वाढल्या. केरबाला वाटलं, व्याही निवळला.

आता ह्यातली मेख अशी. लग्नात व्याह्याला मानाचा फेटा बांधायचा हक्क मुलीकडच्यांचा. आणि तो फेटा, सून सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडेपर्यंत डोक्यावरून उतरवायचा नाही. मधेच उतरवला तर मुलीच्या बापाचा अपमान. लग्नाच्या दिवशी आकारामनं फेटा बांधणाऱ्याला बाजूला घेतलं, उसाचं कांडकं दाखवलं आणि काय ते समजावलं.

अक्षता पडल्या, तोरण झालं, आणि केरबाच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढला. फेटा कसला, देवळाचं शिखरच! तुरा असा कांजी घालून कडक केलेला की वारा आला तरी हलेना. केरबा खूष झाला. आरशात तीन वेळा पाहून आला. असा मान त्याला जन्मात कुणी दिला नव्हता. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर साधी जरीची टोपी, आणि बाप मात्र मिरवणुकीतल्या सरदारासारखा दिसत होता.

पाठवणीची वेळ झाली. शालनची ओटी भरली. ती रडत होती, लीलाबाई रडत होती, जोतीराम कसनुसा उभा होता. शालन आणि जोतीराम फियाटच्या मागच्या सीटवर बसले. पुढं पाठराखीण म्हणून शालनची आत्या बसली. केरबानं ऐटीत ड्रायव्हरचं दार उघडलं, आत वाकला, आणि अडकला.

तुरा टपाला लागत होता. केरबानं मान वाकडी केली, तर रस्ता दिसेना. खाली सरकून बसला, तर पाय फाकून स्टेरिंगला अडले. मग त्यानं मुंडकं खिडकीबाहेर काढून पाहिलं. तसं दिसत होतं सगळं, पण सांगलीपर्यंत त्या अवस्थेत जाणं बरं दिसलं नसतं. वऱ्हाड पोट धरून हसायला लागलं.

"फेटा उतर रं," कुणीतरी म्हणालं.

"उतरायचा न्हाई," आकाराम पुढं आला. तोंडावर मोठं दुःख आणलं होतं. "रीत हाय." मग घाईघाईनं म्हणाला, "जाऊ द्या पाव्हणं. आपली थोरली हाय की. फेटाबिटा सगळं मावतंय." आणि त्यानं अँबॅसिडरची डिकी उघडली. आत झेंडूच्या माळा तयार होत्या. पाण्याचे हबके मारून ताज्या ठेवलेल्या.

केरबानं त्या माळांकडं पाहिलं, फेट्याला हात लावून पाहिला, आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो ओरडणार तोच वऱ्हाडातली एक म्हातारी पुढं झाली. "माळा काय बी घाला. ओटी भरून गाडीत बसलेली नवरी परत खाली उतरवायची न्हाई. अवदसा मागं लागती."

आता आली का पंचाईत. नवरी फियाटमधून उतरणार नाही. फियाट ड्रायव्हरशिवाय हलणार नाही. ड्रायव्हर फेट्यामुळं आत मावणार नाही. आणि अख्ख्या मांडवात गाडी चालवता येणारा दुसरा माणूस एकच.

सगळ्यांच्या नजरा आकारामकडं वळल्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

"मी?" आकाराम म्हणाला. "मी बाप हाय. बाप जात नसतो."

हे खरं होतं. मंडळी विचारात पडली. शेवटी आप्पासोनं निकाल दिला. "बाप म्हनून जाऊ नगंस. ड्रायव्हर म्हनून जा. ड्रायव्हरला कसली रीत?"

"पन ह्यो शपथ घिऊन बसलाय," लालासाहेब मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले. "हात लावला तर नावाचा आकाराम न्हाई म्हनाला हुता. तरी आज पोरीचं नाव बदलायचंच हाय. त्याच ताटात बापाचं बी नाव बदलून टाका."

केरबानं किल्ली पुढं केली. आकाराम किल्लीकडं बघत राहिला. मग मागच्या खिडकीतून आवाज आला, रडून बसलेला.

"आबा, चला की."

आकारामनं खांद्यावरचा टॉवेल काढला, फियाटच्या स्टेरिंगला गुंडाळला, म्हणजे हात लागायला नको, आणि आत बसला. थोरलीची किल्ली त्यानं केरबाच्या हातावर ठेवली. "दुसरा गेर जरा दमानं टाका," एवढंच म्हणाला.

फियाट पुढं, वऱ्हाड कोंबलेली अँबॅसिडर मागं.

आष्टा ते सांगली रस्ता तळहातासारखा सपाट. दोन्ही बाजूला उसाची रिकामी झालेली रानं आणि हळदीची वाळवणं. फियाट ह्या रस्त्यावर वाऱ्यासारखी जाते, असं केरबा शंभरदा सांगून बसलेला. आणि खरंच, आकारामनं पाय ठेवला मात्र, गाडी उडी मारून निघाली. स्टेरिंग तर एका बोटानं फिरत होतं. आकाराम दचकला. आपण इतकी वर्षं ज्या गाडीला नावं ठेवली ती इतकी चांगली असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि त्याला तिचा राग आला. अशीच पळाली तर सांगली आत्ता येईल की!

त्यानं पाय उचलला.

फियाट बैलाच्या चालीनं निघाली. पुढच्या सीटवरची पाठराखीण तुंग गावाच्या अलीकडंच घोरायला लागली. आकारामचा डावा पाय सवयीनं लाईट खाली-वर करायचं बटण जमिनीवर शोधत होता; अँबॅसिडरला असतं तसं इथं नव्हतं. तो पुटपुटत राहिला. "बटन कुठं ठिवलंय बघा. पायाला कामच न्हाई. ही काय गाडी हाय?"

मागं शालन रडायची थांबली. तिनं आरशात बापाचं तोंड पाहिलं. एक रिकामी बैलगाडी खडखडत मागून आली आणि फियाटच्या पुढं निघून गेली. गाडीवानानं वळून वळून पाहिलं. मागून अँबॅसिडरचा हॉर्न वाजत होता. आकारामला तो ऐकू येत नव्हता.

"आबा, ही गाडी एवढीच पळती?" शालननं विचारलं.

"एवढीच."

शालननं पुढं गेलेल्या बैलगाडीकडं पाहिलं. "मग बरी हाय," ती म्हणाली.

कसबे डिग्रजच्या पुढं स्टेरिंगवरचा टॉवेल सुटून खाली पडला. आकारामनं तो उचलला नाही. नव्या जावयाला तो आपल्या लेकीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होता. रजेतल्या तेवढ्याच, त्यामुळं काही काही दोनदा सांगितल्या. जोतीराम दोन्ही वेळा हसला. कृष्णेचा पूल आला तेव्हा उन्हं उतरली होती. पुलावर तर आकारामनं गाडी इतकी हळू घेतली की शालनला पदराच्या गाठीतलं नाणं सोडून नदीत टाकून, हात जोडून, सासरच्या सगळ्यांचं भलं मागून पुन्हा डोळे उघडायला वेळ मिळाला.

केरबाच्या दारात ओवाळणाऱ्या बायका कंटाळून ओट्यावर बसल्या होत्या. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. शालन उतरली. दाराशी जाताना एकदम मागं फिरून तिनं विचारलं, "आबा, आता कवा येनार?"

आकारामनं नुसता हात हलवला, येतो म्हणून. शालननं माप ओलांडलं आणि ती आत गेली.

लेकीच्या घरी बापानं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही आणखी एक रीत. म्हणून आकाराम बाहेरच फियाटला टेकून उभा राहिला. आता हात लागला काय आणि पाठ लागली काय. तेवढ्यात आतून नव्या सुनेचा पहिला शब्द बाहेर आला, सगळ्या बायकांच्या देखत, स्पष्ट. "भाईर ड्रायव्हर थांबल्यात. त्यास्नी च्या द्या."

चहा घेऊन केरबा स्वतः आला. फेटा आता हातात होता, डोक्यावर त्याचा लाल वळ उमटलेला. अँबॅसिडरमध्ये अकरा जणांना घेऊन, पुढच्या गाडीच्या चालीनं, दुसऱ्या गेरात तो सांगलीपर्यंत आला होता. वऱ्हाडानं त्याचं डोकं खाल्लं होतं. आकारामनं कप घेतला आणि चहा बशीत ओतला.

"मग पाव्हणं?" केरबानं विचारलं. "कशी हाय आमची फियाट?"

आकारामनं बशीतला एक घोट घेतला. "गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "पन पळत न्हाई."

कडुलिंबाखाली हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर केरबानं त्याला यार्डाबाहेर पळवला असता. आपली गाडी किती पळते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं व्याह्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग शेजारी बॉनेटला टेकला आणि म्हणाला, "न्हाईच पळत. मला बी कवापासनं वाटत हुतं."



चार दिवसांनी मांडवपरतणीला केरबा सुनेला घेऊन आष्ट्याला आला. आकाराम दारात वाट बघत बसला होता. ते सांगलीहून निघाले, असा निरोप लालासाहेबांच्या फोनवर आला आणि तो पायात चपला घालून उठतोय तोच फियाट धुरळा उडवत दारात हजर. शालन उतरून धावत आत गेली.

आकारामनं चाकांवरची धूळ पाहिली, रस्त्याकडं पाहिलं, मग केरबाकडं पाहिलं. "आज लय पळाली की वो."

केरबानं किल्ली खिशात घातली. "उतार हुता," तो म्हणाला.